क्रमांक दोन

तहसीलच्या मैदानात यंत्रं मोजून घेतली,
शाईची कुपी, लाख, मेणबत्ती, दोरा, एक ब्लेड.
माझ्या हुद्द्याचं नाव मतदान अधिकारी क्रमांक दोन.
एरवी मी पाटबंधारे उपविभागात आवक-जावक लिहिते.

एसटीनं रुईखेडला उतरवलं तेव्हा दिवेलागण झाली होती.
शाळेच्या फळ्यावर कुणा पोरानं लिहून ठेवलेलं: उद्या सुट्टी.
कोतवालानं पिठलं-भाकर आणली. म्हणाला,
"मॅडम, संडासले कडी नाही, मी बाहीर उभा रायतो."
आणि राहिला खरंच, पाठ करून,
अंधारात विडी न पेटवता.

पहाटे साडेपाचला पन्नास खोटी मतं.
एजंट जांभया देत बटणं दाबतात,
यंत्र लांब शीळ घालतं.
मग सगळं पुसायचं, आणि उरलेलं शून्य
गावंडे सरांनी प्रत्येकाला दाखवलं,
लग्नात आहेराचं लुगडं दाखवतात तसं.

सातला दार उघडलं.
तेव्हापासून माझ्यासमोर नुसते डावे हात.
तर्जनी धरायची, नखापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ.
बोंडांनी चिरलेली बोटं, हळदीची, ग्रीसची,
एक ताज्या नेलपॉलिशचं, अठरा वर्षांचं:
"पॉलिश खराब होईन काय जी?"

अंजनाबाईनं शाई लावून घेतली, पण हलेना.
"याइचंबी नाव आहे न यादीत? मंग त्याइचं मीच टाकतो.
तीन वर्सं झाले जाऊन. पर नाव त आहे."
मडावी सरांनी त्या ओळीखाली पट्टी धरली.
वाचता येत नसताना ती बघत राहिली त्या ओळीकडे.
रांग थांबली होती. कुणी ओरडलं नाही.

दुपारी लाइन गेली. पंखा हळूहळू थांबत गेला.
पत्र्याखाली लाख आपोआप मऊ पडली.
नथ्थू परचाके आला, सोबत मुलगी.
मी मान खाली घालून, सवयीनं:
"सही येते का? नाहीतर अंगठा द्या."
वर्ग एकदम गप्प.
वर पाहिलं. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या
कोपराशी गाठ मारलेल्या.
"कुठून देऊ मॅडम," तोच हसला,
"जिनिंगच्या पट्ट्यानं नेले दोनी."

गावंडे सरांनी पुस्तिका उघडली.
त्यात होतं.
दोन्ही हात नसल्यास दंडाच्या टोकाला.
कुणीतरी कधीतरी खुर्चीवर बसून,
चहा पिता पिता कदाचित,
हे वाक्य लिहून ठेवलं असेल
नथ्थू परचाकेसाठी.

मुलीनं गाठ सोडली.
मी काडी टेकवली तशी कातडी थरथरली,
घोड्याच्या पाठीवर माशी बसल्यासारखी.
"गार लागते," तो म्हणाला.
बटण मुलगी दाबणार, म्हणून तिच्या
उजव्या तर्जनीलाही शाई. डावीला सकाळचीच होती.
दोन्ही बोटं वर धरून ती बापाला घेऊन
पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.
शीळ वाजली.

सहानंतर हिशोब. रजिस्टरात सहाशे बारा,
यंत्रात सहाशे अकरा.
गावंडे सरांचा बनियन भिजला, दोनदा मोजलं, तिनदा मोजलं,
बाहेर एसटीवाला हॉर्न मारतोय.
शेवटी मडावी सरांना सापडलं:
चारशे अठरानंतर मी थेट चारशे वीस लिहिलं होतं.
चारशे अठरावर परचाके.
खुलासा लिहून दिला: नजरचुकीने.

रात्री दीडला तहसीलच्या मैदानात रांगेत उभी,
मांडीवर घेतलेल्या लेकरासारखी पेटी सांभाळत.
कुपी गळून माझी पाचही बोटं जांभळी.
माझं स्वतःचं मत टपालात कुठेतरी;
अर्ज भरला होता, कागद आलाच नाही.
घरी भाकरी थापताना
सासूबाई म्हणाल्या, पिठात उतरेल ते.

आज पंधरा दिवस झाले.
कातडीवरची केव्हाच गेली.
नखावरची नखाबरोबर वर सरकते आहे,
एक तांदूळभर सरकली.

त्याच्या दंडाला नख नाही.