सहा मिनिटं पुढे

निवृत्त झालेल्या हॉल्टबीचं यंत्र काल परत आलं.
पिवळी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी,
एक टॅब्लेट, दोन अँटेना,
कडांवर मिठाची पांढरी किनार.
यादीत लिहिलं : चालू स्थितीत. पट्टा झिजलेला.

पट्टा झिजणारच.
हीच पेटी पाठीला लावून, दोरशिडीवरून
रात्री-अपरात्री तो परक्या जहाजांवर चढायचा.
वर कोणी फिलिपिनो, कोणी युक्रेनचा,
कधी एखादा रत्नागिरीकडचा कप्तान
कॉफी पुढे करायचा
आणि आपलं जहाज त्याच्या हवाली करायचा.
हंबरची वाळू एका जागी बसत नाही.
इथे पंधरवड्यापूर्वीचा नकाशा म्हणजे
गेल्या वर्षीचं पंचांग.

म्हणून हे यंत्र पडद्यावर, जहाजाच्या पुढे,
आणखी सहा पोकळ जहाजं काढतं :
मिनिटाने तू इथे असशील,
दोन मिनिटांनी इथे,
सहा मिनिटांनी, वळला नाहीस तर, वाळूवर.

अकरा वर्षं मी ही यंत्रं दुरुस्त करते आहे,
हलमध्ये, गोदीच्या मागच्या गल्लीत.
जहाजावर एकदाही चढलेले नाही.

पुढच्या पायलटला द्यायच्या आधी
जुन्या वाटा पुसायच्या असतात.
पुसण्याआधी बघायच्या नसतात.
मी बघते.
स्पर्न ते हल, हल ते स्पर्न,
गिरवून गिरवून जाड झालेलं एकच अक्षर.

आणि मार्चमधली एक वाट
धक्क्यावर संपतच नाही.
बंद करायला विसरला असणार.
पिशवीतलं यंत्र त्याच्या गाडीतून निघतं,
हेडन रोडच्या सिग्नलला थांबतं,
पेट्रोल पंपावर चार मिनिटं
(फुलं तिथेही मिळतात),
मग इस्पितळाचं पार्किंग,
लिफ्टमध्ये उपग्रह हरवतात,
सापडतात तेव्हा उंची अकरा मीटर,
खिडकीपाशी कुठेतरी.
तिथे एक ठिपका.
रात्रभर.
ठिपका तरी कसला,
उपग्रहांच्या चुकीने हात-दोन हात
इकडे-तिकडे सरकत राहिलेला
लोकरीचा गुंता.
वेग : शून्य.

वेग शून्य असला की
पुढची पोकळ जहाजं निघत नाहीत,
एकावर एक, जागच्या जागी बसून राहतात.
सव्वापाचला नोंद तुटते.

सोमवारी हे यंत्र कर्स्टी ब्लेनकिनकडे जाईल,
तिची पहिलीच हिवाळी पाळी.
नवा पट्टा लावला, मीठ ओल्या फडक्याने पुसलं.
वाटा निवडल्या : सगळ्या.
यंत्राने विचारलं, नक्की?
बराच वेळ विचारत राहिलं.

परतीच्या अर्जावर, खाली,
हॉल्टबीच्या अक्षरात एकच तक्रार :
बॅटरी लवकर उतरते.
बदलली.