तिसरी पाळी

माग विकले भंगारात, किलोच्या भावानं.
वडगावच्या आमच्या गल्लीत आता
रात्री दहाला कुत्र्याचं अंग खाजवणंही ऐकू येतं.
लोक म्हणतात, बरं झालं, शांत झालं.

माझ्या उजव्या कानात
एक माग राहून गेला.
धोटा नाही, फणी नाही, ठोका नाही,
नुसता ताणलेला एक धागा,
वाजणारा,
तुटेल तुटेल वाटतं नि तुटत नाही.
बत्तीस वर्षं दोन पाळ्या केल्या मी.
ही तिसरी. हिला पगार नाही,
अमावास्येची सुट्टीही नाही.

दिवसा चालतं. दिवसा खडेबाजार आहे,
रिक्षा आहे, मिक्सर आहे, शेजारच्या नागम्माची
दोन भाषांतली भांडणं आहेत.
दिवा मालवला की धागा जाड होतो.
एक वाजतो. दोन वाजतात.
घड्याळ निदान मधे तासभर गप्प बसतं.

झोप नसली की माणूस विसविशीत होतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
उभा धागा ढिला, आडवा धागा ढिला,
कुठंही बोट घालावं नि आरपार जावं.
परवा नात ताटलीवर चमचा वाजवत होती.
मी ओरडलो.
ती रडली असती तर बरं झालं असतं.
तिनं चमचा खाली ठेवला,
हळू, अगदी आवाज न करता,
आणि दुसऱ्या खोलीत गेली.
तो न झालेला आवाज
अजून उतरलेला नाही.

डॉक्टर हिरेमठांनी कानात बॅटरी मारली.
‘निद्दी बर्तैतेन्री?’
म्हटलं, निद्दी नाही, झोपही नाही.
ते हसले. मग हसायचे थांबले.
म्हणाले, आतले बारीक केस झिजलेत,
ते परत उगवायचे नाहीत.
तुम्ही त्या आवाजाची वाट बघत जागता,
तो तुमच्या जागण्यावर वाढतो.
अगदी सामसूम करून झोपू नका,
काहीतरी हलकं चालू ठेवा.

फॅन लावला. गारठलो.
रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला,
तर धारवाडच्या बातम्या नि सांगलीचे बाजारभाव
आळीपाळीनं शिरत राहिले त्यात.

काल रात्री शेवंता उठली.
मला वाटलं, पाणी प्यायला.
तिनं माळ्यावरनं कांड्या भरायचा जुना रहाट काढला,
धूळ पुसली, कण्याला खोबरेल लावलं,
माझ्या उशाशी बसून फिरवू लागली,
रिकामा, सूत नसलेला.
घुर्र, घुर्र. मध्येच एक कुरकुर,
जिथं दांडा वाकलाय तिथं.
म्हटलं, ‘येडी झालीस काय? काय भरालीस?’
म्हणाली, ‘गप पडा की. तुमची झोप भरालोय.’

सकाळी विचारलं, किती वेळ फिरवलास?
‘दोनलाच थांबलो. हात भरून आला.’
मी उठलो साडेपाचला.
मधले साडेतीन तास कुणी फिरवले, ठाऊक नाही.

चहा ओतताना धागा होताच कानात.
बारीक. ओळखीचा.
नातीला हाक मारली,
चमचा दिला तिच्या हातात.
ती ताटलीकडे बघते, माझ्याकडे बघते,
आणि अजून वाजवत नाही.