सिक लाईन

चोवीस बाटल्या भरल्या आखाजीच्या आदल्या रात्री.
जव कुरिअरने आलेले, केळं सावद्याचं,
साखर प्रत्येकीला मोजून, चमचा सपाट करून.
दोन दांड्यांच्या यंत्राने बूच दाबलं,
खटक.
दर खटक्याला वाटलं, झालं.

पंधराव्या दिवशी पहिली उघडली.
नुसतीच उघडली.
ना फस्स, ना फेस,
रांजणातल्या पाण्यासारखी गप्प.
दुसरी तशीच.
तिसरीचं बूच मात्र पंख्याला जाऊन लागलं.
म्हणजे दोष साखरेचा नव्हता,
यीस्टचा नव्हता,
भुसावळच्या सेहेचाळीस डिग्रीचाही नव्हता,
ज्याच्यावर आम्ही इथे सगळंच ढकलतो.

मग मी जोर लावला.
लोको शेडमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस
आधी जोरच लावतो.
एका बाटलीच्या ओठाचा टवका उडून
माझ्या पायाशी पडला.
मग उरलेली कोरी बुचं उकळून पाहिली,
त्यांच्या पोटातलं रबर नखाने खरवडून पाहिलं,
यंत्राला ग्रीस दिलं, त्याने न मागता.

इंदू म्हणाली, टबात बुडवा की सगळ्या,
सायकलच्या ट्यूबसारख्या.
बुडवल्या.
नऊ जणींच्या गळ्याशी बारीक बुडबुडे,
एक, मग बऱ्याच वेळाने एक.
कोण गळतंय ते कळलं.
का, ते टबाला माहीत नव्हतं.

लोटनला निरोप धाडला.
लोटन अमळनेरकडचा. फलाटावर गाडी थांबली की
हातोडी घेऊन खाली उतरायचा,
रात्री दोनला, डोक्याला मफलर, एक कान उघडा,
आणि चाकं वाजवत जायचा.
टण् आलं तर पुढे.
ठद् आलं तर डब्यावर खडूने लिहायचा, सिक,
आणि आख्खा डबा, माणसं उठवून, बाजूच्या लाईनीला.

त्याने चहाचा चमचा मागितला.
बाटल्या ओट्यावर रांगेने उभ्या केल्या.
उजवा कान बुचाजवळ नेला,
डावा आता फक्त दिसायला आहे.
टिन्. टिन्. टिन्. ठद्.
नातवाचा निळा खडू सापडला, त्याने त्या काचेवर
जुन्याच अक्षरात लिहिलं.
टबाने नऊ सांगितल्या होत्या,
लोटनने दहा.

मग चमचा ठेवून त्याने बोट फिरवलं,
ओठापासून मानेपर्यंत, डोळे मिटून.
नऊ बाटल्या सुभान तडवीच्या भंगारातल्या.
त्यांच्या मानेवरचं कडं
गव्हाच्या दाण्याएवढं वर.
यंत्राचा जबडा कड्याला धरतो,
टोपी उतरते ती तिथपासून मोजून,
आणि दाणाभर आधीच थांबते.
"बूच बराबर शे, हात बी बराबर शे," लोटन म्हणाला,
"मान येगळी शे भो."
मी हातातला पाना हळूच पाठीमागे नेला.
स्प्रिंग आवळायला निघालो होतो मी.

राहिली दहावी.
मान बरोबर, कडं जागच्या जागी, टबात एक बुडबुडा नाही,
अंगावर निळं सिक.
उघडली.
फेस ओट्यावरून शेगडीखाली गेला,
इंदूने पोतेरं आणलं, आणि कुणी हसलं नाही.

लोटन बाटलीकडे बघत राहिला.
"मना कान ग्या," म्हणाला.
मी म्हटलं, चमचा हलका होता रे,
हातोडी असती तर.
त्याने मान हलवली. कुठल्या वाक्याला, कळलं नाही.

नऊ सिक बाटल्या आम्ही शेवभाजीबरोबर संपवल्या,
बिनफेसाच्या, केळाच्या वासाच्या,
दोन दिवस लागले.
दुसऱ्या दिवशी जाताना त्याने
दाराच्या कडीवर चमचा वाजवला, ऐकला,
फाटकाच्या गजावर वाजवला, ऐकला,
आणि खिशात घालून निघून गेला.
सहाच्या सेटमधला होता.
इंदू काही बोलली नाही.