दुसरी प्रत

फणसे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात.
चपला दाराबाहेर, पिशवीतून पावाच्या कागदात गुंडाळलेली
एक काळी डिस्क, साबणाच्या वडीएवढी.
मी गव्हाच्या पिंपावरच्या फळीवरून
तिची जुळी बहीण काढून देते.
अदलाबदल.
मग चहा, आणि त्यांनी आणलेला लीलो चेवडो.

चार टेराबाइट, ते आवाज खाली आणून सांगतात,
जसं सोन्याचं वजन सांगावं.
दांडिया बाजारातल्या बैठका, रेडिओवरून उतरवलेलं,
कॅसेटवरून उतरवलेलं,
कुणाच्या मुंजीत कुणी गायलेलं, मागे भांडी पडताना.
"एक प्रत म्हणजे शून्य प्रत, मॅडम.
दोन म्हणजे एक."
तेहतीस वर्षं मी कारेलीबागेत गणित शिकवलं,
हा पाढा माझ्या फळ्यावर कधी आला नव्हता.

मला गाण्यातलं कळत नाही.
हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.
ज्याला कळतं तो लावून बघतो,
आणि राखीव प्रत लावायची नसते.
म्हणून मी.
वाघोडिया रोड, तिसरा मजला, उंचवटा.
स्टीलचा डबा, त्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या
दमट हवा पिणाऱ्या पुड्या.
शेवया ठेवायचे मी त्यात पूर्वी.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री समा भागात शिरली.
फणशांच्या तळमजल्यावर पाणी विजेच्या मीटरपर्यंत,
पार्किंगमध्ये मगर,
आणि गच्चीवर ते, दोन रात्री, शेजाऱ्यांच्या ताडपत्रीखाली.
तिसऱ्या दिवशी फोन लागला.
स्वतःबद्दल काही नाही.
"डबा कोरडा आहे ना?"

आले ते भाच्याचा शर्ट घालून,
भाच्याचाच लॅपटॉप, नवीकोरी डिस्क.
माझ्या जेवणाच्या टेबलावर उतरवणं सुरू झालं.
अकरा तास बाकी, असं पडद्यावर आलं.
मग दोन दिवस. मग चाळीस मिनिटं.
मग पुन्हा अकरा तास.
असं उत्तर कुणी वहीत लिहिलं असतं
तर मी पान फाडलं असतं.
फणसे बघत बसले. मी खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी तपासणी.
दर शंभरावी फाइल, दहा सेकंद, बस्स.
चारशे तेरा वेळा; मी हिशेब केला, सव्वा तास जवळजवळ.
आवाज त्यांनी माझ्यासाठी थोडा मोठा ठेवला.
खोकला. हातोडीचे ठोके तबल्यावर.
"अहो पुढे बसा की, जागा आहे."
रिक्षाचा हॉर्न, खूप जुना, रबरी.
नुसती खरखर, आणि फणसे मान डोलावतात:
खरखर बरोबर होती.
कुठल्याशा आकड्याला एका बाईनं
सूर लावला, इतका हळू
की मी पातेलं पुसायची थांबले.
त्यांनी कळ दाबली.
"पुढे?" मी विचारलं.
"पुढे आहे," म्हणाले. "शाबूत आहे."
आणि पुढची.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारनंतरचं तेवढं गेलं.
रावपुऱ्यातून कुणीतरी खोकंभर कॅसेटी दिल्या होत्या,
त्यातल्या सतरा उतरवून झाल्या होत्या.
खोकंही पाण्यातच.
निघताना त्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर
सतरा नावं लिहिली, आठवून आठवून,
आणि मला म्हणाले, हेही डब्यात.

रात्री डबा लावताना लक्षात आलं,
हा कागद एकच आहे.
झेरॉक्सचं दुकान बंद झालेलं.
मग बसले चष्मा लावून,
जुन्या वहीचं रेघी पान घेतलं,
एकही नाव ओळखीचं नाही,
ऱ्हस्व-दीर्घ बघत उतरवली सगळी.
नवव्या नावापुढे त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह केलं होतं.
तेही उतरवलं.