तोंडी परीक्षा

परीक्षक कोल्हापूरचे. मालवणच्या घामानं हैराण.
पंख्याखाली खुर्ची ओढून विचारलं,
ओव्हरलोडिंग आणि पॉलिमॉर्फिझम, फरक सांगा.
पुस्तकातला नको.

रोल नंबर एकोणतीस. हर्षाली तारी, तोंडवळी.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
सर, आमच्याकडे रापण असते.

अकरा वर्षं मी शिकवतेय,
कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करतं,
वर्तुळाचं क्षेत्रफळ, चौकोनाचं क्षेत्रफळ.
रापण कधी सुचली नाही.

आपला वाटा, तो एक, ती म्हणाली.
बांगडे वाटा, हा दुसरा.
सुरूच्या बनातून घराकडे जातात त्या वाटा, तिसऱ्या.
शब्द एकच. पण शेजारी कोण बसलंय बघितलं
की कुठला ते आधीच ठरतं,
घरी, कागदावर, पाय न भिजवता.
हे ओव्हरलोडिंग.

पुढे?

पुढे काळोख, सर. पहाटेचा.
होडीवरून तांडेल हाक घालतो, 'तारी, वड!'
दोरावर आमच्या घरचं कोण आलंय
त्याला दिसत नाही. तो विचारतही नाही.
बाबा दोर कमरेला घेऊन
टाचा रोवत उलटे चालायचे.
काका आधी विडी विझवतो, कानामागे खोचतो,
मग एकदम हिसका.
हाकेत एका अक्षराचा फरक नाही.
कसं ओढायचं ते दोर ज्याच्या हातात त्याच्यापाशी,
आणि हात कुणाचा
ते हाक पोचेपर्यंत ठरलेलं नसतं.

इथे ती थांबली. पंखा कुरकुरत राहिला.

मार्गशीर्षापासून मी जाते.
बाबांसारखं जमत नाही. दोर खांद्यावरून घेते
आणि मोजते. वीस पावलं, श्वास, वीस पावलं.
तांडेल अजून नुसतं 'तारी'च म्हणतो.

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
आणि वाटा?
कुठला, सर?
पहिला.
पुरा मिळतो, ती म्हणाली.

दहापैकी सात.
तीन कशाचे कापले ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
हजेरीवर सही करताना
तिनं पेन जरा अवघडून धरलं होतं,
तळव्याच्या मधोमध सोललेलं टाळून.

पुढचं कोण, मी दाराकडे हाक दिली.