मधले दोन खण

सातवी ब. तेहतीस मुलं.
त्यातली एकोणतीस लिहितात:
अ अधिक ब, कंसाचा वर्ग,
बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग.
मधलं पद कुणालाच दिसत नाही.
मी लाल शाईने दोन अब, दोन अब लिहीत जाते,
जसं कुणी पावती फाडत जावं.

फेब्रुवारीत एका बुधवारी फळा सोडला.
शाळेमागची पायवाट, मग शापोऱ्याच्या काठाने
आगरवाड्याची मिठागरं.
सुलक्षा पुढे. तिच्या बापाचं आगर.
वर्गात ती खिडकीशी बसते, उत्तर येत असलं तरी
पुसून टाकते.

बाबुसो नागवेकर बांधावर उभे,
हातात लांब दांड्याची फळी.
म्हणाले, पोरांनी चपला काढाव्यात,
मीठ अजून ओलं आहे.

मी दाखवलं: हा मोठा खण, बारा पावलं चौरस. हा अ.
तो कोपऱ्यातला धाकटा, पाच पावलं. तो ब.
आता सगळं आगर किती?
आग्नेलने ओरडून सांगितलं,
एकशे चव्वेचाळीस आणि पंचवीस,
एकशे एकोणसत्तर!
आणि एकोणतीस मुलांनी मान डोलावली.

सुलक्षा बांधावर उकिडवी बसली होती.
बोट पाण्याकडे करून म्हणाली,
"बाई, आनी हे मदले दोन?
हे सोडल्यार मीठ कोणाचें?"

दोन लांबट खण. बारा बाय पाच.
एक मोठ्याच्या उजवीकडे, एक खाली.
त्यांतूनच पाणी धाकट्याकडे जातं,
म्हणून पोरांनी त्यांना वाट समजून सोडलं होतं.
साठ आणि साठ.
एकशेवीस चौरस पावलं मीठ
आम्ही वर्षभर वहीत सांडत होतो.

बाबुसो हसले, फळीवर हनुवटी टेकून.
"भाटकारान एकदां अशेंच मेजिल्लें," म्हणाले,
आणि पुढे काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

आग्नेल मात्र हटेना.
आपलं एकशे एकोणसत्तर फुकट कसं जाईल?
तेराचा वर्ग आहे ना तो, बाई, तेराचा!
मग त्याने दोरी घेतली,
मधल्या एका खणाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत
ओढली, ताणली, बांधावर आणून पावलांनी मोजली.
तेरा.
त्याचं चुकलेलं उत्तर तिथे तिरकं पडून होतं,
कर्णावर, उन्हात, कुणाचं तरी बरोबर उत्तर होऊन.
मी टाळी वाजवली. मग थांबले.
तेरा, आणि वर एक वीत.

कोपरा काटकोनात नव्हता.
मी पिशवीतून गुण्या काढला, मोठा, लाकडी,
आणि बाबुसोंनी तो हाताने बाजूला सारला,
जसा आजारी माणूस पथ्याचं ताट सारतो.
कोपरा सरळ केला, म्हणाले, तर पाणी तिथेच
बसतं, हिरवं पडतं.
थोडा उघडा ठेवायचा. मानशीच्या दाराकडे.
किती अंश?
त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.
पोरांनी ती चिमट्यासारखी बोटं
आपापल्या कोनमापकावर ठेवून पाहिली.
त्र्याण्णव, बहुतेक. कुणाचं पंच्याण्णव.

परतताना प्रत्येकाच्या मुठीत मीठ.
भिंगाखाली घन निघाले,
सहा बाजू, बारा कडा, आठ शिरोबिंदू,
फुटलेले, पण घनच.
शेजारच्या सहावीने ते चाटून संपवले.

नोंदवहीत शैक्षणिक साहित्याचा रकाना असतो.
मी लिहिलं: दोरी एक, भिंग दोन,
एका बापाची अर्धा दिवस मजुरी.
मुख्याध्यापकांनी तिसऱ्या ओळीखाली
पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

परीक्षेत चौदा जणांनी दोन अब लिहिलं.
आग्नेलने नाही लिहिलं. त्याने समासात
एक आयत काढला, त्यात तिरकी रेघ.
मी बराच वेळ लाल पेन धरून बसले.

सुलक्षाने लिहिलं होतं आणि पुसलं नव्हतं.
फक्त दोनच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात:
हे आमचे.