चौथ्यापासून

शिरोलीच्या फाउंड्रीत मी हजेरी मांडतो.
फॉर्मात एक रकाना असतो : मातृभाषा.
निरेन राभापुढं, त्याला विचारायच्या आतच,
आसामी लिहून मोकळा झालो होतो.
त्यानं वाळूभरल्या बोटानं शाई फासली. नाय.
बंगाली? नाय.
राभा.
अरे, ते आडनाव झालं की तुझं.
तेच, म्हणाला. तेच बोलतो.

पहिल्या रात्री आक्का चौगुलेंच्या खाणावळीत
ताट पुढं करून तो म्हणाला, माय.
आक्कांचा डाव हवेतच थांबला.
त्याच्याकडं भाताला माय म्हणतात
हे आम्हाला महिन्यानं कळलं.
तोवर रोज दोन मुदी जास्त पडत होत्या त्याच्या ताटात.
अजूनही पडतात.

आणि पाण्याला चिका.
चिका चिका करतोय पोरगं, म्हणून आक्कांनी
गंगावेशीत सांगून ठेवून म्हशीचा चीक आणला,
वेलदोडा घालून खरवस केला.
त्यानं वाटी चाटूनपुसून संपवली
आणि परत तेच मागितलं.

भट्टी तापला. साचा फुटली. मालक आली.
पोरं हसतात.
त्याच्या बोलीत लोखंडाला बाईबुवा नसतं.
आक्का मात्र हसत नाहीत,
त्या स्वतःच पदर खोचून सांगून जातात,
"बसा रं, बाजारला जाऊन येतो मी."
आमच्या बायकांनी ही अर्धी वाट
त्याच्यासाठी कधीचीच तुडवून ठेवलेली.
तसं आक्का हे नावही
कानडीतनं चालत आलंय. आक्कांना विचाराल तर
म्हणतील, माझंच हाय ते, जन्मापासनं.

पाळी सुटताना तो साचे मोजतो. मी कान देऊन ऐकलंय :
पहिले तीन राभात, ओठांतल्या ओठांत,
चारपासून वीसपर्यंत आसामी,
पुढं हिंदी,
आणि ओव्हरटाइमचे तास तेवढे,
चूक नको म्हणून, खणखणीत मराठीत.

चाराला तुमच्यात शब्दच न्हाई?
होता. आज्याला दहापर्यंत येत होते.
पण हाट आसामी लोकांचा.
तिथं आमचे आकडे कोण घेणार,
सुटे परत देतात.

मी पेन खाली ठेवलं.
मग तीनच उरले म्हण की.
तो सावलीला बसला, हातमोजा काढला,
तळहातावर भाजल्याचे जुने डाग.
बोटं मुडपून दाखवायला लागला :
आई. बायको. लेक.
घरात तीन पुरतात, म्हणाला.
तिथंवर कुणाकडं मागायला लागत नाही.

आणि तू? चौथा?

त्यानं करंगळीकडं बघितलं.
सारि, म्हणाला.
मला वाटलं, माफी मागतोय.
रात्री हजेरी मिटवताना ध्यानात आलं,
आसामीत चार.